पाव थ्रॉटलची गाडी

प्रश्न थोडक्यात असा: "डर्बीजवळच्या एका शेडमधून १९७२ ची बुल्टाको शेर्पा टी २५० ही ट्रायलची मोटरसायकल घेतली आहे. वीस वर्षं बंद होती. इंजिन फिरतं. विकणाऱ्याने दोन मिनिटं चालू करून दाखवली तेव्हा धुराचा लोट निघाला. आता पूर्ण खोलून फ्रेमला पावडर कोटिंग आणि बाकी सगळं पॉलिश करून उन्हाळ्याआधी एखाद्या क्लब ट्रायलला न्यायची आहे. सुरुवात कुठून करू आणि नंतर निगा कशी राखू?"

पावडर कोटिंगवाल्याला अजून पैसे दिले नसतील तर देऊ नका. निदान पहिले दोन महिने तरी नाही. गाडी घरी आली की लगेच खोलायची, फ्रेम रंगाला पाठवायची आणि सुटे भाग केळ्यांच्या खोक्यांत भरून ठेवायचे, असं नवा माणूस हमखास करतो. मी यॉर्कशरमध्ये गेली बावीस वर्षं या गाड्यांवर काम करतोय. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या अशाच येतात: चकचकीत फ्रेम, चार खोकी, आणि 'हे कुठे बसतं ते आता आठवत नाही' म्हणणारा मालक.

ज्यांना ट्रायल ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही शर्यत नव्हे. ओढ्यातले दगड, झाडांची मुळं, निसरडा चढ असा एक तुकडा आखून दिलेला असतो आणि तो पाय न टेकता पार करायचा असतो. एकदा पाय टेकला तर १ गुण, दोनदा टेकला तर २, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी ३, आणि गाडी अडली किंवा हद्दीबाहेर गेली तर ५. ज्याचे गुण सगळ्यांत कमी तो जिंकला. वेग असतो माणसाच्या चालण्याएवढा, त्यामुळे या गाडीचं जवळजवळ सगळं आयुष्य पाव थ्रॉटलच्या आत आणि अर्ध्या दाबलेल्या क्लचवर जातं. कुठल्या भागावर पैसा घालायचा हे ठरवताना मी एवढंच बघतो की त्या पाव थ्रॉटलमध्ये त्याचा काही उपयोग आहे का. क्रोमचा नाही. तेल-हवा अडवणाऱ्या रबरी ऑइलसीलचा आहे.

हातात काय आलंय तेही ओळखून घ्या. फ्रान्सिस्को बुल्टो माँटेसा या स्पॅनिश मोटरसायकल कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी १९५८ मध्ये बार्सिलोनाजवळ बुल्टाको काढली. १९६४ च्या अखेरीस त्यांनी सॅमी मिलरला गाठलं. मिलर तेव्हा ५०० सीसीच्या एरियल फोर-स्ट्रोकवर ब्रिटनमध्ये सगळ्यांना पाणी पाजत होता. त्याने स्पेनला जाऊन शेर्पा घडवली आणि १९६५ ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल तिच्यावर जिंकली. जड ब्रिटिश फोर-स्ट्रोकचे दिवस तिथून भरले. तुमची गाडी त्याच वंशातली आहे: ७२ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ६० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), २४४ सीसी, टू-स्ट्रोक, हवेवर थंड होणारी, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. जुनी बुलेट चालवलेल्या आपल्या माणसाला ही मांडणी शिकवावी लागत नाही. इथली तरुण पोरं मात्र पहिल्या दिवशी ब्रेक समजून गिअर दाबतात.

पहिलं काम कागदाचं. बुल्टाकोच्या कारखान्यात फ्रेम आणि इंजिनवर सहसा एकच नंबर ठोकत. दोन्ही नंबर वाचा, फोटो काढा, कागदपत्रांशी ताडून बघा. नंबर जुळत नसतील म्हणून गाडी वाईट ठरत नाही, पण किंमत तुम्ही कशाची दिली ते कळतं. पावडर कोटिंगचा थर जाड असतो, त्यात हा ठोकलेला नंबर बुजतो.

आता धूर. ही गाडी पुन्हा लगेच चालू करू नका. प्लग काढा, सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सोडा आणि हाताने हळू फिरवा. मॅग्नेटोचं, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणाऱ्या भागाचं, झाकण उघडून फ्लायव्हील वर-खाली हलवून बघा. बोटांना खेळ जाणवला तर क्रँकची बेअरिंगं गेली आहेत, आणि मग क्रँककेस उघडण्याला पर्याय नाही. खेळ नसेल तर प्रायमरी केसचं, म्हणजे क्लचच्या बाजूचं, तेल एका मापाच्या भांड्यात काढा. बुल्टाकोत क्लचच्या बाजूचं तेल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं, हे लक्षात असू द्या. क्लचकडचं तेल मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा बरंच कमी निघालं तर ते गेलं कुठे हे शोधायला नको. क्लचकडचं ऑइलसील वाळून दगड झालंय, आणि इंजिन ते तेल आत ओढून जाळतंय. वीस वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत मला दहापैकी आठ वेळा हेच सापडतं.

पण तो धूर दिसतो तरी. खरी भीती दुसऱ्या बाजूच्या, मॅग्नेटोकडच्या सीलची. ते गेलं की धूर नाही, डाग नाही, काही नाही. इंजिन तिथून फक्त हवा ओढतं. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पेट्रोलबरोबर येणारं तेलही कमी पडतं, थ्रॉटल सोडला तरी इंजिनाचे फेरे खाली यायला तयार नसतात, आणि एखाद्या लांब चढावर पिस्टन जाम होतो. नवे लोक अशा वेळी कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसतात. मी सरळ दाबाची चाचणी घेतो. इनटेक आणि एक्झॉस्टला रबरी बूच मारायचं, प्लगच्या जागेतून हातपंपाने ६ पीएसआय हवा भरायची आणि काट्याकडे बघत सहा मिनिटं थांबायचं. काटा हलला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडा कुठे येतो ते शोधायचं. या चाचणीला लागणारं सगळं सामान एका सायकलच्या पंपात आणि जुन्या ट्यूबच्या तुकड्यात बसतं. तरी ती कुणी करत नाही.

सील बदलायला फ्लायव्हील काढावं लागेल. त्यासाठी त्याच गाडीचा पुलर मागवा. तीन पायांचा साधा पुलर लावू नका, आणि हातोडीला तर हातच लावू नका. फ्लायव्हीलची कड वाकली की पॉइंटचा (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांचा) गॅप प्रत्येक फेऱ्याला वेगळा दिसतो आणि मग तुम्ही आठवडाभर कंडेन्सरला शिव्या देता.

सिलिंडर उतरवाल तेव्हा कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली ओढून बघा. डावी-उजवीकडे थोडा सरकला तर चालतो, वर-खाली अजिबात चालत नाही. बोअर मापून घ्या: वर, मध्ये, खाली, आणि दोन दिशांनी. रिबोअर करायचा, म्हणजे सिलिंडर आतून थोडा मोठा कापायचा, झाला तर आधी पिस्टन हातात घ्या, मग त्या पिस्टनच्या मापाने बोअर करायला द्या. उलट करू नका.

इथे स्वतःची फजिती सांगतो. मी शिकलो कोल्हापुरात, उद्यमनगरात, मामाच्या लेथवर. आमच्याकडे राजदूत आणि येझदीचे सिलिंडर यायचे. बोअर झाला की मामा पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडांवरून बारीक कानस आणि मग पॉलिशपेपर फिरवायचा. मला वाटायचं म्हातारा उगाच वेळ घालवतोय. इंग्लंडमध्ये आल्यावर पहिल्याच बुल्टाकोचा बोअर मी एका दुकानातून करून आणला. तो माणूस फोर-स्ट्रोकमधला होता, कडा तशाच धारदार सोडल्या होत्या, आणि मी बोट फिरवून न बघता सिलिंडर चढवला. पंधरा मिनिटांत रिंग एक्झॉस्ट पोर्टच्या कडेत अडकली आणि तुटली. नवा पिस्टन, नवी रिंग, पुन्हा बोअर. तेव्हापासून सिलिंडर कुणीही करून दिलेला असो, प्रत्येक पोर्टच्या कडेवरून आधी माझं बोट फिरतं. पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनच्या सरक्लिप नेहमी नव्या घाला, जुन्या कितीही चांगल्या दिसल्या तरी. आणि पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे.

तेलाचं प्रमाण त्या काळी भरपूर ठेवत, कारण तेव्हाची तेलंच तशी होती. आजचं चांगलं सिंथेटिक ऑइल ५० ला १ पुरतं, म्हणजे ५ लिटरला १०० मिली. नवा बोअर बसेपर्यंत मी ४० ला १ ठेवतो, म्हणजे ५ लिटरला १२५. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षा, असा एक समज आपल्याकडेही आहे. या गाडीत त्याचा अर्थ काळा पडलेला प्लग आणि काजळीने भरलेला सायलेन्सर एवढाच.

आता टाकी, कारण तुमच्या गाडीला खरा धोका तिथे आहे. त्या काळच्या बऱ्याच शेर्पांना टाकी आणि सीट मिळून फायबरग्लासचा एकच सडपातळ तुकडा असे. ऑसा मार या दुसऱ्या स्पॅनिश ट्रायल गाडीचंही तसंच. दिसायला इतकं देखणं की इथे लोक तो भिंतीवर टांगतात. पण त्यातलं पॉलिस्टर रेझिन इथेनॉलला टिकत नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं आणि या टाक्या आतून पाघळू लागल्या. रेझिन मऊ पडतं, पेट्रोलबरोबर चिकट गुळासारखं उतरतं, कार्बोरेटरची स्लाइड चिकटवतं आणि पिस्टनवर जाऊन बसतं. बाहेरून रंगाला फुगे आले की समजायचं. तुमच्या गाडीची तीच टाकी असेल तर चालू करण्याच्या सगळ्या चाचण्या वेगळ्या बाटलीतून पेट्रोल देऊन करा. मग दोनच रस्ते आहेत. एक, आतून इथेनॉल झेलणारा लेप लावून घ्यायचा, तोही टाकी पूर्ण सुकवून आणि खरवडून. दुसरा, तिच्या आत किंवा तिच्या जागी ॲल्युमिनियमची टाकी बसवायची. लेप लावला तरी मी ई-५ लेबलचं (५ टक्क्यांपर्यंतच इथेनॉल असलेलं) सुपर पेट्रोलच घालतो आणि ट्रायलहून परतल्यावर टाकी रिकामी करतो. टाकीत पेट्रोल ठेवून गाडी हिवाळाभर उभी करणं हा गुन्हा समजा.

(हे वाचणाऱ्या महाराष्ट्रातल्या येझदी-बुलेटवाल्यांनी हसू नये. तुमच्या पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. तुमची टाकी लोखंडी असली तरी इथेनॉल पाणी ओढतं आणि ते पाणी टाकीच्या तळाशी बसून गंज धरतं. जुने पेट्रोल पाइप आणि फ्लोट निडलचं रबर एकदा बघून घ्या.)

कार्बोरेटर अमाल कंपनीचा असेल. साफ करताना लोक मेन जेट आरपार दिसेपर्यंत फुंकतात आणि समाधानाने बंद करतात. ट्रायलमध्ये मेन जेटपर्यंत आपण पोचतच नाही. आपलं सगळं चालतं कमी थ्रॉटलला पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटवर आणि स्लाइडच्या खालच्या कापावर. पायलटची वाट केसाएवढी बारीक असते आणि वीस वर्षांचं वाळलेलं पेट्रोल तिच्यातच बसतं. अल्ट्रासॉनिक टाकीत दोनदा घाला. स्लाइड बॉडीत डावी-उजवीकडे खडखडत असेल तर नवी घ्या, नाहीतर आयडलिंग कधीच जागेवर राहणार नाही. आणि अमालचा फ्लँज बसवताना नट हाताच्या अंदाजाने, हलके आवळा. जास्त आवळलं की बॉडी वाकते, स्लाइड वरच अडकते, आणि थ्रॉटल सोडूनही गाडी पुढे जात राहते. झाडाच्या दिशेने.

इग्निशनला पॉइंट असतील. चांगले असतील तर राहू द्या, ०.३५ ते ०.४ मिलिमीटर गॅप, आणि टायमिंग डायल गेजने मॅन्युअलप्रमाणे. गरम झाल्यावर इंजिन बंद पडत असेल तर आधी कंडेन्सर बदला. वारंवार त्रास देत असेल तर इलेक्ट्रॉनिक संच बसवायला मी नाही म्हणत नाही, बाहेरून दिसतही नाही. फक्त फ्लायव्हील हलकं करायचा शहाणपणा करू नका. ते जड वजनच गाडीला कमी फेऱ्यांवर ओल्या दगडावरून ओढून नेतं.

क्लचवर एक अख्खा शनिवार घाला. उभ्या गाडीच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून बघा, डुगडुगली ती बाद. बास्केटच्या फटींत प्लेटांच्या दातांनी खाच पाडली असेल तर कानशीने सपाट करा, फार खोल असेल तर बास्केट बदला. स्प्रिंगा सगळ्या सारख्या लांबीच्या हव्यात आणि प्रेशर प्लेट सरळ उचलली गेली पाहिजे. लिव्हर दाबून किक मारताना प्लेटेवर नजर ठेवा, एका बाजूने आधी उठत असेल तर तिकडची नाही, तिच्या समोरची स्प्रिंग ढिली करा. मग केबल. नवी केबलसुद्धा वाकडीतिकडी नेली तर लिव्हर जड होते. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून बघा, केबल कुठेही ताणता कामा नये. दोन बोटांनी, दिवसभर, न थकता दाबता आला पाहिजे.

फ्रेमकडे आता या. धुऊन, वाळवून, फूटरेस्टच्या जोडाजवळ, स्टिअरिंग हेडखाली आणि इंजिनाच्या खालच्या माउंटिंगजवळ भिंगाने बघा. या गाड्या पन्नास वर्षं दगडांवर आपटल्या आहेत. चीर असेल तर आधी वेल्डिंग, मगच रंग. मी स्वतः साधा दोन भागांचा रंग मारतो. पुढच्या वेळी चीर पडली की त्यात ती दिसते, पावडर कोटिंगखाली लपते. इंजिनाच्या केसिंगवर कोरडं सँडब्लास्टिंग तर मुळीच नको, एक कण जरी बेअरिंगमध्ये राहिला तरी सगळी मेहनत वाया. पाणी मिसळून केलेलं (व्हेपर) ब्लास्टिंग चालेल, तेही नंतर प्रत्येक भोक आणि आटे धुऊन.

फोर्क, स्टिअरिंगचे छर्रे, स्विंगआर्मचे बुश, ब्रेकचे लायनर: हे सगळं कुठल्याही जुन्या गाडीसारखंच आहे, त्यावर वेळ घालवत नाही. फोर्कच्या दोन्ही पायांत तेल मात्र मिलीला मिली सारखं. आणि हँडल मधोमध आल्यावर कट्कन अडकत असेल तर छर्रे आणि वाट्या दोन्ही बदला, कारण ट्रायलमध्ये तो मधला बिंदू तुम्ही मिनिटाला वीस वेळा ओलांडता.

मागचे शॉकॲब्सॉर्बर घेताना लांबी मूळचीच ठेवा. लांब घेतले की मागची बाजू उठते, पुढचा कोन उभा होतो आणि उतारावर गाडी अंगावर आल्यासारखी वाटते. फूटरेस्ट थोडे खाली आणि मागे नेण्याला माझी हरकत नाही. मूळची जागा त्या काळच्या उभं राहण्याच्या पद्धतीची आहे. जुनं सामान पिशवीत घालून जपून ठेवा म्हणजे झालं.

टायर मागे ४.००-१८, पुढे २.७५-२१, ट्रायलचेच. हवा मागे ४ ते ५ पीएसआय आणि पुढे ५ ते ६. नेहमीच्या गेजवर हा आकडा दिसतच नाही, ० ते १५ चा वेगळा गेज घ्या. एवढ्या कमी हवेत टायर रिमवर फिरून व्हॉल्व्ह उपटू नये म्हणून मागे सिक्युरिटी बोल्ट लावाच.

निगेबद्दल. गाडी चिखलातून आली की प्रेशर वॉशर हब, कार्बोरेटर आणि एअरबॉक्सवर मारू नका, सायलेन्सरला बूच लावा. त्याच संध्याकाळी फोमचा फिल्टर धुऊन, पिळून, तेल लावून ठेवा. जुना फोम बोटाने दाबल्यावर भुगा होत असेल तर तो इंजिनात जाणारच आहे. एअरबॉक्सच्या जोडांतून पाणी शिरतं, तिथे ग्रीसचा पट्टा ओढा. दोन्ही चाकं काढून ड्रम पुसा. हे मी पहिली दोन वर्षं टाळलं आणि दर महिन्याला ब्रेक शूज गंजून चिकटायचे. स्पोक पान्याने टिचकी मारत ऐका, बोदा आवाज आला तो ढिला. क्लचकडचं तेल मी दर तीन-चार ट्रायलना बदलतो. महाग नाही, आणि ते किती उरलं यावरून सीलची तब्येत कळते.

काहींनी मला खासगीत विचारलंय की बुल्टाको मिळत नाही, घरच्या बुलेटची ट्रायल बाइक करू का. घराणं खरं आहे. जॉनी ब्रिटनने ३५० बुलेटवर १९५२ आणि १९५७ ची स्कॉटिश सिक्स डेज जिंकली होती, आणि १९५५ पासून बुलेट मद्रासलाही बनू लागली. पण आजोबांची चालती, कागदपत्रांची बुलेट कापून हे करू नका. ब्रिटनमध्ये असाल आणि स्वस्तात शिकायचं असेल तर यामाहा टीवाय १७५ बघा. सुटे भाग सहज मिळतात आणि ती चुका पोटात घालते.

उन्हाळ्याआधी होईल का, या प्रश्नाला माझं उत्तर: सील, कार्बोरेटर, क्लच, टाकी आणि टायर एवढंच केलंत तर होईल, रंगासकट नाही. एक गोष्ट मात्र तपासून घ्या. स्कॉटलंडमधल्या किन्लॉखलेव्हनच्या प्री-६५ (१९६५ आधीच्या धाटणीच्या गाड्यांच्या) ट्रायलला ही गाडी बसत नाही. तुम्हाला ट्विनशॉक, म्हणजे मागे दोन शॉकॲब्सॉर्बर असलेल्या जुन्या गाड्यांच्या वर्गात नाव द्यावं लागेल. पहिल्या ट्रायलला सोप्या मार्गावर नाव घाला, आणि सोबत दोन प्लग, प्लगचा पाना, एक क्लच केबल आणि तो कमी दाबाचा गेज न्या. धुराचं काय निघालं ते कळवा. प्रायमरी केसमधून तेल किती निघालं, तो आकडा लिहा.